फायटर जेटच्या मॉडेलवर डेकल कसे बसवावेत: खानदेशातल्या उन्हात आणि क्षाराच्या पाण्यात

गेल्या दोन महिन्यांत माझ्याकडे तीन मॉडेलं आली. एक मिग-२१, एक सुखोई-३०, एक जग्वार, तिन्ही १/७२ मधली, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या मापाची. जोडकाम नीट, रंग छान, आणि तिन्हींवर एकच खोट: डेकलच्या (पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या छापील खुणांच्या) कडेनं चंदेरी, धुरकट पट्टा. मॉडेल उजेडात तिरपं धरलं की विमानाला स्टिकर चिकटवल्यासारखं दिसायचं. भुसावळहून आलेला मुलगा म्हणाला, "दादा, किटमधले डेकलच खराब निघाले." डेकल चांगले होते. त्यांच्या खालचा रंग खरखरीत होता, पाणी बोअरचं होतं आणि काम भर दुपारी कूलरसमोर बसून झालं होतं.

किटच्या कागदावर लिहिलेलं असतं की डेकल कापा, बुडवा, सरकवा, टिपा. त्यात चूक काही नाही. पण त्या चार चित्रांत थंड खोली, मऊ पाणी आणि चकचकीत रंग गृहीत धरलेले असतात. जळगाव-धुळ्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ पर्यंत जातो, बोअरच्या पाण्याला क्षार असतो आणि वारा सुटला की दार बंद असूनही टेबलावर धूळ बसते. म्हणून क्रम तोच ठेवून वेळा, पाणी आणि बसायची जागा बदलावी लागते. पाण्यात भिजवून सुटणाऱ्या डेकलचं सगळं काम मी ज्या क्रमानं करतो, तसंच खाली मांडतो आहे.

## आधी जमवायचं सामान

पाणी डिस्टिल्ड घ्या. बॅटरीच्या दुकानात सीलबंद बाटली मिळते आणि ती अनेक मॉडेलांना पुरते. चहाच्या भांड्यात तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच क्षार बोअरचं पाणी सुकल्यावर डेकलच्या फिल्मखाली, म्हणजे पारदर्शक पापुद्र्याखाली, राहतो. वरचा डाग पुसता येतो, फिल्मखालचा येत नाही. आरओचं पाणीही चालेल.

सावध: त्याच दुकानात बॅटरीचं अ‍ॅसिडही असतं. सुट्या कॅनमधून बाटली भरून घेऊ नका. सील आणि लेबल पाहूनच घ्या.

चिमटा टोकदार नको, चपट्या आणि गुळगुळीत टोकांचा हवा. दातेरी टोकं ओला डेकल फाडतात. जळगावात असाल तर सराफ बाजारात सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानात विचारा. तिथे मिळणाऱ्या चिमट्याची पकड हॉबीच्या नावानं विकल्या जाणाऱ्या कितीतरी चिमट्यांपेक्षा हलकी असते. भिंगही तिथूनच घ्या.

नवीन ब्लेड, दोन मऊ ब्रश (एक पाण्याचा, एक औषधाचा), मास्किंग टेप, टिश्यू आणि घट्ट गुंडाळलेले इअरबड एवढं पुरे. आपल्याकडे कापसाला तोटा नाही, पण इथे सुटा कापूस वापरू नका. त्याचा एक तंतू फिल्मखाली गेला की क्लिअर (पारदर्शक वार्निश) मारल्यावर केसासारखा उठून दिसतो. शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटकही काढून ठेवा. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

औषधं दोन लागतात आणि त्यांची अदलाबदल ही नेहमीची चूक आहे. सेटर डेकलखाली लावायचा. तो पृष्ठभाग ओला ठेवतो आणि चिकटायला मदत करतो. सॉफ्टर डेकलवरून लावायचा. तो फिल्म मऊ करून पॅनल लाइनीत, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेषांत, बसवतो. मायक्रोस्केलच्या बाटल्यांत निळ्या लेबलचा मायक्रो सेट आणि लाल लेबलचा मायक्रो सोल. मिस्टर हॉबीचे मार्क सेटर आणि मार्क सॉफ्टर. टॅमियाचा मार्क फिट आणि त्याहून कडक मार्क फिट स्ट्रॉंग. सेटर मिळालाच नाही तर स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर एकास तीन पाणी घालून कामचलाऊ वापरता येतं. सॉफ्टरला मात्र घरगुती पर्याय शोधू नका. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा हार्डवेअरचा एनसी थिनर लावला तर डेकलसकट खालचं प्लास्टिकही विरघळतं.

## टप्पा १: पृष्ठभाग चकचकीत करा

तिन्ही मॉडेलं बिघडली ती इथे, म्हणून यावर जास्त बोलतो.

लढाऊ विमानाचा रंग बहुधा मॅट असतो. भिंगाखाली मॅट रंग पॉलिश पेपरसारखा दिसतो, सगळा उंचवट्या-खळग्यांचा. डेकलची फिल्म त्या उंचवट्यांवर टेकते आणि खळग्यांत हवा अडकते. ती हवाच चंदेरी दिसते. यालाच सिल्व्हरिंग म्हणतात. म्हणजे डेकलच्या आधी ग्लॉस क्लिअरचा थर हवा. शेवटी विमान मॅटच ठेवायचं असलं तरी हवा.

एअरब्रश असेल तर टॅमियाचा एक्स-२२ त्याच कंपनीच्या थिनरनं पातळ करून दोन-तीन हलके थर द्या. स्प्रेचा डबा वापरत असाल तर तो मॉडेलसाठीचाच घ्या. गाड्यांसाठीचा किंवा लाकडासाठीचा क्लिअर लॅकर मॉडेलवर मारू नका.

आता आपल्या हवेची गोष्ट. एप्रिल-मेच्या दुपारी फवारलेला थेंब विमानापर्यंत पोचायच्या आतच अर्धा सुकतो आणि भुकटीसारखा बसतो. ग्लॉस मारूनही पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि माणूस चक्रावतो, की ग्लॉस दिला होता, मग चंदेरी कशानं आलं? उपाय साधा आहे. सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान फवारा, थोडं जवळून फवारा आणि थर अंगावर ओला दिसेल एवढाच द्या. पावसाळ्यात उलट होतं. हवेतल्या ओलाव्यानं लॅकर क्लिअर दुधाळ पडतो. सलग पाऊस असेल तेव्हा फवारूच नका, कोरडा दिवस येऊ द्या. दिवाळी ते होळी हा आपल्याकडे क्लिअर मारायचा सगळ्यात सुखाचा काळ.

सावध: स्प्रेचा डबा गच्चीवर, गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. किती तापमानाच्या वर न्यायचा नाही ते डब्यावरच छापलेलं असतं. मे महिन्यात बंद गाडी ती मर्यादा सहज ओलांडते.

कूलरच्या झोतात क्लिअर वाळवू नका. झोताबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात, गवताच्या ताटीतला कचरा येतो आणि दोन्ही ओल्या थरावर बसतात. बंद खोली, बंद पंखा आणि मॉडेलवर उपडा ठेवलेला प्लास्टिकचा डबा ही रीत बरी.

ॲक्रिलिक क्लिअरला २४ तास द्या, दमट हवेत ४८. नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल तर अजून वाळायचं आहे.

तपासा: ट्यूबलाइटखाली पंख तिरपा धरा. ट्यूबचं प्रतिबिंब सरळ कडेचं दिसलं तर पृष्ठभाग तयार. प्रतिबिंब पसरट, धुरकट दिसलं तर २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलका फिरवा, पुसा आणि आणखी एक थर द्या. नखाची मागची बाजू फिरवूनही कळतं. खरखर ऐकू आली तर थांबा.

## टप्पा २: कुठे काय बसणार ते ठरवा

डेकल भिजल्यावर ठरवायला वेळ मिळत नाही. खऱ्या विमानाचे निदान दोन फोटो, डावीकडून आणि उजवीकडून, समोर ठेवा. किटच्या डब्यावरचं चित्र पुरेसं नसतं.

भारतीय वायुदलाच्या खुणांत मला वारंवार दिसणाऱ्या चुका सांगतो. राउंडलमध्ये, म्हणजे वायुदलाच्या गोल खुणेत, मध्यभागी केशरी, मग पांढरं, बाहेर हिरवं. घरी छापणारे घाईत हा क्रम उलटा करतात. शेपटीवरच्या फिन फ्लॅशचे पट्टे उभे असतात. झेंड्याची सवय असल्यानं ते आडवे लावलेले मी पाहिले आहेत. डाव्या आणि उजव्या बाजूला कोणता रंग पुढे येतो ते फोटोवरून पाहून टेपच्या तुकड्यावर लिहून ठेवा, कारण दुसऱ्या बाजूला हात पोचेपर्यंत डोकं गोंधळतं.

क्रमांकाची अक्षरं विमानागणिक वेगळी असतात. सुखोई-३० एमकेआयला एसबी, मिराज २००० ला केएफ, जग्वारला जेएस, तेजसला एलए. दोन आसनी प्रकाराची अक्षरं बरेचदा बदलतात. जग्वारचा ट्रेनर जेटी, मिराजचा केटी. राफेलमध्ये एक आसनीला बीएस आणि दोन आसनीला आरबी. एका आसनाच्या मॉडेलवर आरबी लावलं तर जाणकाराची नजर तिथेच अडते. डेकलच्या शीटवर सगळे क्रमांक एकत्र छापलेले असतात, म्हणून आधी कापायचे क्रमांक पेन्सिलनं गोल करून ठेवा.

माप काटेकोर घ्या. १/७२ मध्ये एक मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ सेंटिमीटर, १/४८ मध्ये ४.८. पंखाच्या टोकापासून राउंडलच्या मध्यापर्यंतचं अंतर कर्कटकात धरा आणि तेच अंतर तसंच दुसऱ्या पंखावर न्या. पट्टीनं दोनदा मोजण्यापेक्षा हे बिनचूक होतं. मात्र कर्कटकाचं टोक रंगावर टेकवू नका. आधी मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि त्यावर खूण करा.

लावायचा क्रमही आताच ठरवा. मी आधी ड्रॉप टँकवर (विमानाखाली टांगलेल्या जादा इंधनाच्या टाकीवर) एक-दोन डेकल लावतो. हात बसतो आणि चूक झाली तर टँक आतल्या बाजूला वळवता येतो. मग विमानाची पोटाची बाजू, दुसऱ्या दिवशी वरची बाजू आणि बॉडी, शेवटी शेपटी. प्रत्येक बाजूवर आधी मोठे डेकल, नंतर स्टेन्सिल, म्हणजे बारीक सूचनांचे छोटे डेकल. एका बैठकीत दहा-बारापेक्षा जास्त लावू नका.

तपासा: नाकावरची पिटो नळी (वेग मोजणारी बारीक नळी), अँटेना, चाकांची दारं आणि क्षेपणास्त्रं अजून लावलेली नाहीत ना? मिग-२१ ची पिटो नळी तर डेकलच्या कामात हमखास मोडते. ती सगळ्यात शेवटी.

## टप्पा ३: शीटची परीक्षा

भिंगातून राउंडल पाहा. केशरी वर्तुळ पांढऱ्याच्या बरोबर मध्ये आहे ना? छपाई सरकलेली असेल तर ती लावल्यावर सुधारत नाही. दुसरी शीट मागवा किंवा दुसऱ्या खुणांचं विमान निवडा. इटलीच्या कार्टोग्राफकडे छापलेल्या शीट पातळ तरी चिवट असतात आणि सॉफ्टर चांगला घेतात. काही जपानी किटमधल्या डेकलची फिल्म जाड असते, तिला कोमट पाणी आणि कडक सॉफ्टर लागतो.

जुनी शीट असेल तर न लागणारा एखादा डेकल कापून पाण्यात टाका. तो तुकडे होऊन सुटला तर सगळी शीट तशीच सुटणार. त्यावर मायक्रोस्केलचा लिक्विड डेकल फिल्म ब्रशनं लावा, पूर्ण वाळू द्या आणि मग कापा. आता फिल्म छपाईच्या बाहेरही पसरलेली असते, म्हणून प्रत्येक डेकल अगदी कडेनं कापावा लागतो.

फिल्म पिवळी पडली असेल तर आपलं ऊन कामाला येतं. शीट झिपच्या पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, छपाईची बाजू उन्हाकडे. काही दिवसांत पिवळेपणा फिका पडतो. रोज पाहत राहा, कारण फार दिवस ठेवलं तर छपाईचे रंगही उडतात. कडक उन्हाळ्यात फक्त सकाळचं ऊन द्या.

## टप्पा ४: कापणी

ब्लेड नवीन, खाली काच किंवा कटिंग मॅट. रंगाच्या कडेपासून केसभर अंतर ठेवून कापा. पारदर्शक फिल्म जितकी कमी, तितकी चंदेरी कडेला जागा कमी. पण क्रमांकातली अक्षरं सुटी करू नका. दोन अक्षरांमधलं अंतर छपाईत बरोबर असतं, ते हातानं पुन्हा जुळवणं फार अवघड जातं. कात्रीनं दाबून कापलं तर फिल्मची कड तडकते आणि सॉफ्टर लागल्यावर तिथूनच चीर जाते.

## टप्पा ५: भिजवणं

बशीत डिस्टिल्ड पाणी, हाताला कोमट लागेल एवढंच. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी नळाला येतं ते चटका देणारं असतं. त्यात डेकल सेकंदात सुटतो, गुंडाळतो आणि मागचा गोंद धुऊन जातो.

डेकल चिमट्यानं धरून १० ते १५ सेकंद बुडवा, बाहेर काढा आणि ओल्या टिश्यूवर ठेवा. आता मिनिटभर थांबा. डेकल पाण्यात तरंगत सोडून चहाला जाणं ही दुसरी मोठी चूक. सुटलेला डेकल कागदाशिवाय तरंगला की त्याचा गोंद पाण्यात जातो, आणि तो गोंद आपल्याला विमानावर हवा असतो.

तपासा: बोटाच्या टोकानं डेकल कागदावर हलकेच ढकलून पाहा. लोण्यावरून सरकावा तसा सरकला तर तयार. अडखळला तर आणखी अर्धा मिनिट. नख लावून उचलू नका.

एका वेळी एकच डेकल भिजवा. उन्हाळ्यात तीन-चार भिजवून ठेवले तर तिसऱ्यापर्यंत पोचता पोचता चौथा कागदावरच परत चिकटलेला असतो.

## टप्पा ६: सरकवणं आणि जागेवर आणणं

पंखा बंद. पंखा चालू असला तर २ मिलिमीटरचा स्टेन्सिल चिमट्यावरून कधी गेला ते कळत नाही.

जागेवर ब्रशनं सेटर लावा, डेकलच्या आकारापेक्षा थोडा मोठा ओला ठिपका. कागद डेकलसकट त्या जागेच्या अगदी शेजारी टेकवा. ओल्या ब्रशनं डेकल सरकवा आणि कागद मागे ओढून घ्या. डेकल उचलून हवेतून आणू नका; हवेत तो दुमडतो आणि स्वतःला चिकटतो. दुमडलाच तर चिमट्यानं ओढू नका. परत बशीतल्या पाण्यात सोडा आणि दोन ब्रशांनी हळू उलगडा.

डेकल सेटरवर तरंगत असतो तेवढ्या वेळात जागा पक्की करा. क्रमांकासाठी खाली मास्किंग टेपची सरळ पट्टी लावून ठेवलेली असेल तर अक्षरांचा पाया तिच्याशी जुळवा. मग मॉडेल हातभर लांब धरून पाहा. जवळून सरळ दिसणारा क्रमांक लांबून उतरता दिसू शकतो, कारण जवळ असताना डोळा जवळची पॅनल लाइन धरतो, विमानाची आडवी रेघ धरत नाही.

थंडीत सरकवायला दोन-तीन मिनिटं मिळतात, एप्रिलच्या सकाळी एखादंच. डेकल अडकला तर जोर लावू नका. कडेनं ब्रशनं पाण्याचा थेंब सोडा, तो आत ओढला जातो आणि डेकल पुन्हा सुटतो.

जागा पक्की झाली की ओलसर इअरबड मध्यापासून कडेकडे गोल फिरवत न्या. घासू नका, लोळवा. फिल्मखालून पाणी आणि बुडबुडे कडेला येतात, ते टिश्यूच्या कोपऱ्यानं टिपा.

तपासा: भिंगातून, दिव्याच्या तिरप्या उजेडात बुडबुडे शोधा. आत्ता ते निघतात. सॉफ्टर लावल्यावर फक्त टाचणीच्या मदतीनं निघतात.

## टप्पा ७: सॉफ्टर, आणि हात मागे

सेटरचं पाणी टिपून पाच-दहा मिनिटं झाल्यावर डेकलवरून सॉफ्टरचा पातळ हात द्या. डबकं करू नका. साचलेला कडक सॉफ्टर खालच्या ॲक्रिलिक क्लिअरवरही डाग पाडतो.

आता जे होतं ते पाहून प्रत्येक नवखा घाबरतो. दोन-तीन मिनिटांत डेकल सुरकुततो. गुळगुळीत राउंडल म्हाताऱ्या हातासारखं दिसायला लागतं आणि बोट आपोआप त्याच्याकडे जातं. बोट लावू नका. ब्रशही नाही, टिश्यूही नाही. या घडीला फिल्म ओल्या सायीइतकी मऊ असते. सॉफ्टर उडाला की ती स्वतःच ताणली जाते आणि सुरकुत्या पॅनल लाइनीत ओढल्या जातात.

माझ्या पहिल्या १/४८ मिग-२१ च्या डाव्या पंखावर मी हेच केलं. राउंडल सुरकुतलं, वाटलं बिघडलं, म्हणून अंगठ्यानं दाबलं. बोट उचललं तेव्हा केशरी मधला भाग अंगठ्यावर होता आणि पंखावर पांढरं-हिरवं कडं. शीटवर जादा राउंडल नव्हतं. दुसरी शीट येईपर्यंत ते विमान कित्येक महिने कपाटात पडून राहिलं. दहा मिनिटं हात मागे ठेवले असते तर काहीही झालं नसतं.

आपल्या उन्हात इथे एक वेगळी अडचण येते. सॉफ्टर काम करायच्या आतच उडून जातो, डेकल अर्धवट मऊ होऊन तसाच राहतो आणि माणूस हात वाढवत जातो. त्यापेक्षा सॉफ्टर लावल्यावर मॉडेलवर मोठा प्लास्टिकचा डबा उपडा ठेवा, खाली एका बाजूला काडी सरकवून. आत वाफ थोडी राहते, सॉफ्टरला वेळ मिळतो आणि धूळही बसत नाही. तासाभरानं डबा उचला.

पॅनल लाइन अजून भरलेली दिसत असेल तर नव्या ब्लेडनं त्या रेषेत हलकी चीर द्या आणि दुसरा हात द्या. बुडबुडा राहिला असेल तर बारीक सुईनं टोचा आणि त्या जागी सॉफ्टरचा थेंब सोडा. ड्रॉप टँकचं गोल टोक, इनटेकची कड अशा दोन दिशांना वळणाऱ्या जागी आधीच डेकलच्या बाहेरच्या कडेला दोन-तीन बारीक कापे घालून ठेवा, नाहीतर कितीही सॉफ्टर लावा, कडेला घडी राहते.

सावध: दुसरा हात पहिला पूर्ण सुकल्यावरच. ओल्यावर ओला हात म्हणजे विरघळलेला डेकल. नव्या कंपनीची शीट असेल तर आधी ड्रॉप टँकवर किंवा टाकाऊ तुकड्यावर सॉफ्टरची परीक्षा घ्या. काही फिल्मना मायक्रो सोल पुरतो, काहींना मार्क फिट स्ट्रॉंग लागतो, आणि पातळ फिल्मला तोच जास्त होतो.

## टप्पा ८: धुणं, बंदिस्त करणं, वॉश, शेवटचा थर

रात्रभर वाळू द्या. सकाळी डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळलेल्या इअरबडनं प्रत्येक डेकलच्या भोवती हलकं पुसा. डेकलचा गोंद कडेला वाहून सुकलेला असतो. आता दिसत नाही, पण त्यावर मॅट क्लिअर बसला की तपकिरी ओघळ होऊन उमटतो आणि तो मग निघत नाही. ही पुसणी बरेच जण गाळतात.

त्यानंतर ग्लॉसचा एक हलका थर. डेकलवरचा पहिला हात अगदी धुक्यासारखा द्या, दहा मिनिटांनी दुसरा. लॅकर स्प्रेचा जाड ओला थर एकदम मारला तर डेकल सुरकुततो, आणि या सुरकुत्या सॉफ्टरसारख्या परत जात नाहीत.

हा थर पूर्ण वाळल्यावरच पॅनल लाइनीत वॉश (रेषा उठवणारा पातळ गडद रंग) सोडा. ॲक्रिलिक क्लिअरवर एनॅमल वॉश चालतो. जादा वॉश पुसायला एनॅमल थिनर किंवा हार्डवेअरच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन इअरबडवर अगदी थोडं घ्या आणि हवेच्या दिशेनं, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे पुसा. पांढऱ्या रंगाच्या डेकलवर वॉश जास्त काळा दिसतो, तिथे करडा वापरा.

शेवटी मॅट किंवा सेमी-ग्लॉस. याच थरानं डेकलची चमक आणि रंगाची चमक एक होते आणि फिल्मची उरलीसुरली कड दिसेनाशी होते.

## चंदेरी कडा आलीच तर

शेवटचा थर मारायच्या आधी लक्षात आलं तर बराच डेकल वाचतो. चंदेरी भागावर बारीक सुईनं जवळजवळ टोचे मारा, सॉफ्टर लावा, डब्याखाली ठेवा. सॉफ्टर भोकांतून आत जातो आणि हवा बाहेर येते. दोन-तीन वेळा करावं लागतं. भुसावळच्या सुखोईवरचे बहुतेक स्टेन्सिल आम्ही असेच वाचवले. त्याच्या शेपटीवरचा क्रमांक मात्र काढावा लागला. काढायची रीतही सांगतो: वर मास्किंग टेप दाबून झटक्यात ओढा, उरलेला भाग सॉफ्टरनं मऊ करून इअरबडनं उचला, तिथे पुन्हा ग्लॉस द्या आणि २४ तासांनी नवा क्रमांक.

मॅट मारून झाल्यावर लक्षात आलं तर सॉफ्टर आत जात नाही. मग त्या रंगाचा पातळ हात देऊन कड झाकणं एवढंच हातात राहतं.

## घरी छापायचं असेल तर

भारतीय खुणांच्या शीट हव्या तेव्हा मिळत नाहीत, म्हणून अनेक जण डेकल पेपर आणून छापतात. दोन गोष्टी आधीच लक्षात घ्या. इंकजेटवर छापलेला डेकल पाण्यात टाकण्यापूर्वी त्यावर ॲक्रिलिक क्लिअरचे दोन-तीन हलके थर देऊन वाळवावे लागतात, नाहीतर शाई बशीतच उतरते. लेझर छपाईला ही गरज सहसा पडत नाही.

आणि घरचा प्रिंटर पांढरं छापत नाही. पारदर्शक पेपरवर छापलेल्या राउंडलमधलं पांढरं कडं म्हणजे नुसती फिल्म असते. करड्या विमानावर ते करडंच दिसतं, आणि केशरीही मळकट होतं. म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीचा पेपर घ्या आणि राउंडल बरोबर कडेनं गोल कापा, किंवा विमानावर आधी पांढरं वर्तुळ मास्क लावून रंगवा आणि त्यावर पारदर्शक डेकल बसवा. मी दुसरी रीत वापरतो. वेळ जास्त जातो, पण हिरव्या कडेच्या बाहेर कापलेल्या कागदाची पांढरी रेघ दिसत नाही. पांढरं वर्तुळ राउंडलपेक्षा अर्धा मिलिमीटर लहान ठेवा.

## उरलेल्या शीटचं काय

शीटवर टिश्यू किंवा बटर पेपर ठेवा, झिपच्या पिशवीत घाला, पिशवीवर किटचं नाव आणि साल लिहा. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा, म्हणजे कडा वळणार नाहीत. पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात किंवा माळ्यावर ठेवू नका. उन्हाळ्यात तिथे टिश्यू शीटला चिकटतो आणि सोडवताना छपाई घेऊन येतो. घरातल्या सगळ्यात थंड भिंतीचं, जमिनीजवळचं कपाट चांगलं. माझ्याकडे ती जागा देवघराच्या खालचा कप्पा आहे.

शीट ठेवून झाली की पिटो नळी चिकटवा.